सेल फिरतो, पण इंजिन पकडत नाही: उजनीवरील बोटीच्या मोटारीचा दोष कसा शोधावा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटे जाळी काढायला निघालेल्या माणसाला बोटीच्या मोटारीने दगा दिला, की त्याचा सारा दिवस वाया जातो. सेल, म्हणजे विजेवरचा स्टार्टर, मारला तर मोटार फिरते, दोरी ओढली तरी फिरते, पण इंजिन काही केल्या पकड घेत नाही. करमाळा, माढा या तालुक्यांतील काठावरच्या गावांत बोटीच्या इंजिनाचा खास मिस्त्री सहजासहजी सापडत नाही. त्यामुळे बहुतेक लोक आधी दुचाकीच्या गॅरेजवाल्याला बोलावतात आणि तो आल्या आल्या कार्बोरेटर खोलतो. माझ्या अनुभवात अशा दहांपैकी निम्म्या वेळा तरी कार्बोरेटरचा काही दोष नसतो. प्लग काढून पाहिल्याशिवाय कार्बोरेटरला पाना लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ वेळ आणि पैसा वाचतो.

मोटार फिरते आहे, ही त्यातल्या त्यात चांगली खूण आहे. पिस्टन जाम झालेला नाही, सेलची मोटार शाबूत आहे आणि गियर न्यूट्रलमध्ये आहे, एवढे त्यावरून धरून चालता येते. कारण बऱ्याच मोटारींत गियर टाकलेला असेल तर सेल फिरतच नाही आणि दोरीही अडकते. इंजिन पेटायला मग तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. चूक यांपैकी एकीत असते, आणि ती कोणत्या एकीत आहे हे ठरण्याआधी काहीही खोलू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

बोट पाण्याच्या मध्यावर असताना मोटार बंद पडली असेल, तर दुरुस्ती दुय्यम समजावी. आधी नांगर टाकावा, सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे, वल्ही हाताशी घ्यावीत आणि मगच कव्हर उघडावे. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर या जलाशयावर वारा किती झपाट्याने उठतो, हे काठावरच्या माणसाला सांगायला नको. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. बंद पडलेली बोट वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या कुशीवर आदळू लागतात, म्हणून नांगर पुढच्या टोकाकडून टाकावा, म्हणजे बोटीचे तोंड वाऱ्याकडे राहते.

काठावर काम करायचे असेल, तर मोटारीचा खालचा भाग पाण्यात असल्याशिवाय ती सुरू करून पाहू नये. पाण्याचा पंप फिरवणारी रबरी चकती कोरडी फिरली तर काही सेकंदांतच खराब होते. दोनशे लिटरचा पिंप भरून त्यात मोटारीचा पाय सोडला, पाणी खेचणाऱ्या जाळीच्या वर चांगले वीतभर पाणी ठेवले आणि प्रोपेलर काढून ठेवला, की काम भागते. पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचून राहते, हे लक्षात घेऊन जवळ विडी-काडी नसावी आणि कव्हर उघडून थोडा वेळ वारा लागू द्यावा.

सेलही दम धरून मारावा. पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो सलग दाबून ठेवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान मिनिटभर थांबावे, नाहीतर इंजिनाचा दोष सापडेपर्यंत सेलची मोटार जळून जाते आणि एकाचे दोन खर्च होतात.

ज्या गोष्टींना हत्यार लागत नाही

पहिली पाच मिनिटे केवळ पाहण्यात घालवावीत. सुरक्षेची लाल दोरी, जिची क्लिप बटणाखाली बसलेली असते, ती जागेवर आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. ही क्लिप निघालेली असली तरी अनेक मोटारींत सेल नेहमीसारखाच फिरतो, फक्त ठिणगी पडत नाही. नुसती डोळ्यांनी पाहून भागत नाही, कारण झिजलेली किंवा अर्धवट बसलेली क्लिप जागेवर असल्यासारखीच दिसते.

त्यानंतर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. मोटार सुरू होऊन दहा मिनिटांनी बंद पडली आणि मग पुन्हा पकडेना, तर आधी याच स्क्रूवर संशय घ्यावा. तो बंद राहिला की पेट्रोल खेचले जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि शेवटी नळीतून थेंबही येत नाही. नळीवरचा रबरी फुगा चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला, काहीतरी तुंबले आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात उलटेही घडते: उन्हात ठेवलेली बंद टाकी फुगते आणि नळी जोडताच दाबाने पेट्रोल इंजिनात ढकलले जाऊन प्लग ओले होतात. त्यामुळे टाकी सावलीत ठेवावी आणि नळी जोडण्याआधी स्क्रू सैल करून आतला दाब सोडून द्यावा.

फुगा दाबताना त्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, हे पाहावे, कारण नवी नळी जोडताना तो उलटा बसवण्याची चूक मी स्वतः एकदा केली आहे आणि त्यापायी एक पूर्ण सकाळ घालवली आहे. फुगा बाणाचे टोक वर येईल असा उभा धरून दाबला तर आतल्या झडपा नीट बसतात. सात-आठ वेळा दाबल्यावर तो हाताला कडक लागला पाहिजे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर टाकीत पेट्रोल कमी आहे, फुग्याची झडप गेली आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे. हवा बहुधा नळीच्या टोकाच्या कपलिंगमधून शिरते. त्यातली छोटी रबरी रिंग उन्हाने कडक होऊन तडकते आणि पेट्रोल मात्र बाहेर गळत नसल्यामुळे दोष लवकर दिसत नाही.

बॅटरीचाही यात वाटा असतो. सेल फिरतो म्हणजे बॅटरी चांगली आहे, असे लोक समजतात. पण मंद फिरणाऱ्या इंजिनात ठिणगी कमजोर पडते. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, आणि सेल फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी, तिची टोके आणि जाड वायर यांची तपासणी आधी करावी. मोटारीला दोरीचीही सोय असेल तर एकदा दोरी ओढून पाहावी. दोरीने पकडली आणि सेलने पकडली नाही, तर दोष बॅटरीच्याच बाजूचा आहे.

प्लग काय सांगतो

आता प्लग काढावा. त्याआधी चोक लावून सात-आठ वेळा मोटार फिरवून घ्यावी, म्हणजे पेट्रोल येत असेल तर ते प्लगपर्यंत पोचलेले असेल. प्लगभोवतीची धूळ पुसून, प्लग पान्याने तो सोडवून, कोणत्या सिलिंडरचा कोणता प्लग हे कागदावर लिहून ठेवावे. मग प्लगचे टोक डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहावे. कोरडे, तपकिरी, वासही नसलेले टोक सांगते की पेट्रोल येतच नाही. चकचकीत ओले, पेट्रोलचा उग्र वास असलेले टोक सांगते की पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. ओलसर दिसते पण पेट्रोलचा वास नाही, आणि कागदावर टिपले तर डाग उडून न जाता तसाच राहतो, असे झाल्यास ते पाणी आहे. काळ्या, तेलकट काजळीने भरलेला प्लग तेलाचे प्रमाण जास्त असल्याचे किंवा मोटार फार वेळ मंद गतीवर चालवल्याचे सांगतो, आणि असा प्लग घासत बसण्यापेक्षा बदललेलाच बरा. नवा प्लग घेताना क्रमांक मोटारीच्या पुस्तिकेतला असावा. दुचाकीचा प्लग आट्यांत बसला तरी त्याचे उष्णतेचे मान वेगळे असू शकते.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग पुन्हा त्याच्या वायरीच्या टोपीत बसवून त्याच्या आट्या इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवाव्यात. प्लग टेकवण्याची जागा प्लगच्या भोकापासून दूर असावी आणि भोकावर सुकी चिंधी दाबून ठेवावी, कारण भोकातून उडणारा पेट्रोलचा फवारा ठिणगीने पेट घेऊ शकतो. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे, टाकीची नळी काढून टाकी बाजूला ठेवावी. हाताने प्लग धरू नये, रबरी मुठीची पक्कड वापरावी. दुसऱ्या प्लगची टोपी मोकळी लोंबकळत ठेवून सेल मारू नये, कारण ठिणगीला जमिनीची, म्हणजे इंजिनाच्या धातूची, वाट न मिळाल्यास काही मोटारींत सीडीआयचा, म्हणजे ठिणगी घडवणारा इलेक्ट्रॉनिक, डबा खराब होतो. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ठिणगी दिसणे अवघड असते. डोक्यावरून टॉवेल ओढून अंधार केला की निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी स्पष्ट कळते. पिवळसर, मरतुकडी ठिणगी दिसली तर ती नसल्यासारखीच धरावी, कारण उघड्या हवेत दिसणारी अशी ठिणगी दाबाखाली विझून जाते.

ठिणगी नसेल तर

दोन सिलिंडरांच्या मोटारीत एकाच प्लगला ठिणगी नसेल, तर प्लग, टोपी आणि त्या बाजूची कॉईल एवढ्यातच दोष असतो. टोप्यांची अदलाबदल करता येत असेल तर ती करून पाहिल्यावर कॉईल दोषी आहे की प्लग, हे लगेच कळते. दोन्ही प्लग मेलेले असतील, तर दोन कॉईल एकाच सकाळी जळण्याची शक्यता फार कमी. अशा वेळी बंद करण्याच्या सर्किटवर लक्ष द्यावे. चावी, सुरक्षेचे बटण आणि त्यांच्याकडून सीडीआयकडे जाणारी वायर यांपैकी एखादी धातूला टेकली, की मोटार कायमची ‘बंद’ अवस्थेत राहते. पुस्तिकेतील वायरींच्या नकाशावर ही वायर शोधून, फक्त तपासणीपुरती ती सोडवावी आणि ठिणगी परत येते का ते पाहावे. आली, तर दोष चावीत किंवा बटणात आहे. ही वायर सुटी असताना मोटार चावीने बंद होणार नाही, हे मात्र विसरू नये. तशाच अवस्थेत ती सुरू झाली तर चोक ओढून गुदमरवावी लागते. तपासणी झाली की वायर पुन्हा जोडावी आणि तशी बोट पाण्यात नेऊ नये.

वायर सोडूनही ठिणगी आली नाही, तर फ्लायव्हीलखालची कॉईल किंवा सीडीआय यांचा दोष उरतो, आणि तिथे ओहम मोजण्याचे मीटर व पुस्तिकेतील आकडे नसतील तर मिस्त्रीकडे जावे. अंदाजाने सीडीआय बदलणे हा महागडा जुगार आहे.

ठिणगी आहे, पण प्लग कोरडा

इथे एक छोटी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते. टू-स्ट्रोक मोटार असेल तर तेल मिसळलेले पेट्रोल, अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमी, प्लगच्या भोकात सोडावे, सांडलेले पुसावे, प्लग बसवून सेल मारावा. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून बंद पडले, तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक आहेत आणि पेट्रोलच्या वाटेत अडथळा आहे. कोणताही ईथरचा फवारा टू-स्ट्रोकमध्ये मारू नये. त्याने सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघते.

मग वाट टाकीपासून इंजिनाकडे चालत जावी: टाकीतील नळीच्या टोकाची जाळी, फुगा, कपलिंग, इंजिनावरची गाळणी, पेट्रोल पंप आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. सोबत्याने फुगा सतत दाबत राहिल्यावर इंजिन चालते आणि दाबणे थांबवताच मरते, असे असेल तर पंपाचा पडदा फाटलेला आहे किंवा आधी सांगितलेली हवा शिरते आहे.

कार्बोरेटरचा दोष खरोखर कधी येतो, तर उजनी उणेमध्ये गेल्यावर. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी क्षमतेपैकी जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, आणि पाणी त्याच्या खाली उतरले की काठ किलोमीटरभर मागे जातो, बोटी चिखलात बसतात आणि कित्येक मोटारी दोन-तीन महिने घराच्या ओसरीत पडून राहतात. त्या काळात कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, पिवळा थर राहतो, तो बारीक जेटची छिद्रे बंद करतो. पावसाळ्यात पुण्याकडून पाणी आले, धरण भरू लागले, की एकाच आठवड्यात सगळ्या मोटारी दुरुस्तीला येतात त्याचे कारण हेच. वाटीच्या तळाचा स्क्रू काढून आतले पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. काहीच आले नाही, तर वाटीत पेट्रोल सोडणारी सुई अडकली आहे. घाण आली, तर वाटी आणि जेट कार्बोरेटर क्लीनरने व हवेच्या दाबाने साफ करावेत. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि मोटारीचे पेट्रोलचे माप कायमचे बिघडते.

प्लग ओला, ठिणगीही चांगली

सर्वांत साधे कारण म्हणजे इंजिन ओव्हर झाले आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेले आहे. चोक लावून वारंवार सेल मारल्याने हे होते, आणि तापलेल्या मोटारीला चोक लावण्याची सवय असलेल्यांच्या बाबतीत तर हमखास. कार्बोरेटरची मोटार असेल तर चोक पूर्ण बंद करावा, थ्रॉटल न्यूट्रलमध्येच पूर्ण उघडावा आणि पाच सेकंद मोटार फिरवावी. पेटली की लगेच थ्रॉटल कमी करावा. तरीही नाही, तर प्लग काढून पुसावेत, टोप्या जमिनीला जोडून ठेवून सिलिंडरमधले पेट्रोल काही वेळ मोटार फिरवून बाहेर काढावे, दहा मिनिटे उघडे ठेवावे आणि सुके प्लग लावून पुन्हा प्रयत्न करावा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, की पेट्रोलवरच संशय घ्यावा. गेल्या पावसाळ्यात माझ्या बाबतीत तेच झाले. काठावरच्या शेडमध्ये अर्धा भरलेला कॅन महिनाभर राहिला होता आणि त्याचे झाकण नीट बसलेले नव्हते. ठिणगी निळी, प्लग ओले, दाब चांगला, तरी मोटार नुसती खोकत होती. शेवटी टाकीच्या तळातले पेट्रोल लोणच्याच्या स्वच्छ बरणीत काढले आणि ओट्यावर ठेवले. आधी ते गढूळ दिसले, जणू त्यात दुधाचा थेंब पडला आहे. अर्ध्या तासाने बरणीत दोन थर उभे राहिले: वर टू-स्ट्रोक तेलाचा निळसर रंग असलेला जाड थर आणि खाली दोन बोटे उंचीचा, पाण्यासारखा नितळ थर. बरणी तिरकी केली की खालचा थर तळाशी वेगळा सरकत होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि ओल प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटतात व तळाला बसतात. टाकीतली नळी तळातूनच खेचते, त्यामुळे इंजिनाला मिळते ते हे पाणी. त्या खालच्या थरात तेल नसते, म्हणजे मोटार कशीबशी चालली तरी पिस्टन कोरडा घासण्याचा धोका असतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात राहून इथेनॉलविषयी तक्रार करणे शोभत नाही, पण पाण्यावरच्या मोटारीसाठी पेट्रोल पंधरा दिवसांना पुरेल एवढेच भरावे आणि टाकी रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवावी, अर्धी नाही. फुटलेले पेट्रोल हलवून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये, आणि ते जलाशयात तर मुळीच ओतू नये. सोलापूर शहर हेच पाणी पिते.

नवे मिश्रण करताना पुस्तिकेतले प्रमाण पाहावे. बऱ्याच टू-स्ट्रोक मोटारींना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल लागते; काही जुन्यांना याच्या दुप्पट. तेल पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींचे, म्हणजे टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे असावे. बाजारात सहज मिळणारे दुचाकीचे तेल त्याऐवजी वापरू नये.

दाब आणि उरलेले

पेट्रोल ताजे आहे, ठिणगी आहे, प्लग ओले होतात आणि तरी मोटार मेलेलीच, तर दाब मोजावा. दोन्ही प्लग काढून, टोप्या जमिनीला जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रेशर गेजने प्रत्येक सिलिंडर तपासावा. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो; तो दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट यांचे काम निघाले असे समजावे. मोटार उलटा धक्का देत असेल, कार्बोरेटरमधून फटाके काढत असेल, तर फ्लायव्हील दांड्यावर पक्के धरणारी छोटी पाचर (तिलाही चावीच म्हणतात) कातरून ठिणगीची वेळ चुकली असण्याची शक्यता असते.

फोर-स्ट्रोक आणि इंजेक्शनच्या मोटारींना वरील बरेचसे लागू होते, पण त्यांत चावी फिरवताच दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

मोटार पाण्यात बुडाली असेल, तर सेल अजिबात मारू नये. प्लग काढून, भोके खाली करून, दोरीने हळूहळू फिरवून पाणी काढावे, कारण पाणी दाबले जात नाही आणि सेलच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोटार सुरू झाली की मागच्या बाजूने पाण्याची धार पडते का, ते लगेच पाहावे. शेवाळ किंवा जलपर्णीने जाळी तुंबली असेल तर धार बारीक होते, मोटार तापते आणि तापलेली मोटार पुन्हा पकडायला त्रास देते. आणि या सगळ्यानंतरही टेंभुर्णीला किंवा सोलापूरला मिस्त्रीकडे न्यायची वेळ आलीच, तर सिलिंडरचा क्रमांक चिकटवलेले जुने प्लग चिंधीत बांधून आणि बरणीतले पेट्रोल झाकण लावून सोबत न्यावे.